रोजचं एक लिंबू

पौष वद्य तृतीया, सोमवार

वैजू, पुढं कधीतरी ही वही तुझ्या हाती लागेल आणि तू विचारशील, "आजी, हे गिचमीड अक्षर कुणाचं गो?" तुझंच. आता लिहितेस, आताच विसरशील. मघाशी पेन कानावर अडकवून घरभर पेन शोधत होतीस, तेही लिही. लिही म्हणते ना. मला अक्षर येत नाय म्हणून गाळलंस तर कळणार नाय असं समजू नको. मला तुझा चेहरा वाचता येतो.

ठरलं ते असं. हिला, माझ्या नातीला, आजोबांची गोष्ट पाहिजे. ते गोलात कसे उभे राहायचे, ती. मी म्हटलं, फुकट नाय. रोज माझं आजचं लिहायचं, मग जुनं सांगीन.

आजचं: हिचं डावं कानशील वांग्यासारखं झालंय. काल नागोठण्याला फुटबॉलची मॅच. समोरची पोरगी बॉल घेऊन धावत आली आणि आमची गोलकीपर तिच्या पायात जाऊन झोपली. बॉल हिच्या पोटाशी, त्या पोरीचा गुडघा हिच्या कानशिलावर. थोडा वेळ उठली नाय म्हणे. मग उठली. जिंकले. घरी आली ती दारातूनच, "आजी, बॉल सोडला नाय!"

हळद लावली. चार शिव्या दिल्या. त्या लिहू नको.

लिंबू: झेललं. (ओट्यापासून रोज एक लिंबू हिच्या अंगावर टाकते. न सांगता. हातातून सुटल्यावर म्हणायचं, "झेल गो." आजोबांनाही मी असंच टाकायचे.)


चतुर्थी, मंगळवार

संकष्टी. पोटात काय नाय म्हणून तोंड जास्त चालणार.

तुझे आजोबा म्हणजे... नाव तू लिही, मी घेत नाय. गजानन. लिहिलंस? बघू. बरं दिसतं.

ही हसते. "पण आजी, तूच लिहवून घेतलंस, मग नाव घेतलंसच की!"

"तोंडानं कुठं घेतलं? कागदाला काय नवरा असतो?"

ऐक आता. आपला सगळा खारेपाट, ही खाऱ्या जमिनीची पट्टी, खाडीच्या पाण्याहून खाली. मध्ये फक्त बांध. बांध फुटला की ती खांड. खांड पडली की गावाचा जोळ, म्हणजे घरटी एक माणूस बांधावर. रांग धरायची. एका टोकाला चिखल काढायचा, गोळा हातातून हातात फेकत खांडीपर्यंत न्यायचा, आणि हे सगळं भरतीच्या आत. गोळा खाली पडला की रांग मोडते. म्हणून जोळातला माणूस गोळा नुसत्या पंजात घेत नाय. छातीवर घेतो, मान खाली घालतो आणि त्याच्यावर मिटतो. लाजाळूच्या पानासारखा.

आजोबा रांगेत शेवटचे. खांडीच्या तोंडाशी. तिथं उभं राहायला कुणी तयार नसायचं.

आपल्या गावचा एक मुकादम मुंबईला गिरणीत होता. स्वराज्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. शिमग्याला आला, बांधावर उभा राहून जोळ बघत राहिला. संध्याकाळी घरी येऊन सासऱ्यांना म्हणाला, "ह्याला मला द्या. आमच्या गिरणीचा गोल रिकामा हाय."

सासरे म्हणाले, "रिकामा असंल तर भरून घ्या ना चिखलानं."

लिंबू: झेललं. उपासाचं लिंबू म्हणून सरबत करून मीच प्यायले.


षष्ठी, गुरुवार

काल लिहिलं नाय. हिचं डोकं दुखत होतं.

आज दूध उतू गेलं. शेजारी उभी होती, बघत होती, आणि उतू गेलं. "आजी, मला वाटलं गॅस बंद केला." आमटीत मीठ दोनदा. मिठागरवाल्यांच्या घरात मीठ जास्त झालं तर कुणाला काय सांगायचं!

जनू, म्हणजे माझा मुलगा आणि हिचा बाप, जेवताना म्हणाला, "हिचं लक्ष कुठं हाय?" त्याची डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट असते. सध्या रात्रपाळी, दिवसा झोपतो. मी म्हटलं, लक्ष रोह्याला. पुढच्या रविवारी रोह्याला मोठी मॅच. राज्याचा संघ निवडणारी माणसं बघायला येणार. खेळ शिकवणाऱ्या शिंदे मॅडम हिला म्हणाल्यात, तुझं नाव वरच्या यादीत आहे. राज्याकडून खेळली की पुढं पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात.

जनू म्हणाला, "आणि नाय निवडली तर ह्या वर्षी स्थळं बघायची. ठरलंय आपलं."

ठरलंय खरं. माझ्यासमोर ठरलंय.

लिंबू: झेललं. पण दोन्ही हातांनी. चेष्टा केली, "लिंबू आहे गो, कलिंगड नाय."


अष्टमी, शनिवार

आजोबांचं पुढं.

गिरणीच्या हजेरीत नाव साच्यावर, म्हणजे मागावर, खरं काम गोलात. हातमोजे नव्हते. तुझे हातमोजे माझ्या सुपाएवढे आहेत, त्यांना नुसते हात. बॉल चामड्याचा, वरून शिवलेला, पावसात पाणी पिऊन असा जड व्हायचा की म्हणायचे, "गावचा गोळाच येतोय छातीवर. ओळखीचा." दुसऱ्यांचे गोलकीपर बॉल बुक्कीनं उडवायचे. हे मिठीत घ्यायचे. पोरगं घ्यावं तसं.

एकदा मला मुंबईला नेलं होतं. नवी नवरी, नऊवारी, डोक्यावर पदर, आणि मैदानावर ही गर्दी. मागून सगळे ओरडत होते, "बांध! बांध!" मला वाटलं कुठं बांध फुटला. मी उठून उभीच राहिले. शेजारची बाई म्हणाली, "अगो बस, ते त्यांच्या गोलकीपरचं नाव हाय."

नवऱ्याचं नाव मी घेत नाय, पण त्या दिवशी मीही ओरडले. बांध हे काय नाव नव्हे.

चार वर्षं उभे राहिले. एक वर्ष असं गेलं की सगळ्या मोसमात दोनच गोल खाल्ले. दोन्ही तोंडपाठ होते त्यांना. जेवताना भाताचा गोल करायचे, आमटी सोडायचे, "ही इकडून आली, मी तिकडं होतो."

आज प्रॅक्टिसला जाऊन आली ही. डोक्याला रुमाल बांधून. उन्हाचा त्रास होतो म्हणे. हिला? मिठागराच्या उन्हात वाढलेली ही!

लिंबू टाकायला विसरले. विसरले असं लिही. खरं म्हणजे टाकलं नाय.


दशमी, सोमवार

आज ही लिहीत असताना हिच्याकडे बघत होते. मी बोलते, ही लिहिते, मला दुसरं काम काय.

डावा डोळा मिटून लिहिते.

विचारलं. म्हणाली, सर्दी. सर्दीनं नाक मिटतं गो, डोळा नाय. म्हणाली, "आजी, लिहू दे ना."

मला अक्षर कळत नाय. पण ओळ कळते. बांधाची कड सरळ आहे की बसलीय ते मी लांबून सांगेन. पहिल्या दिवसाचं पान उघडलं, ओळी सरळ. आजच्या ओळी उजवीकडे खाली खाली उतरत गेल्यात. शेवटची तर कागदाबाहेर.

हे पण लिही.

लिही ना. थांबलीस कशाला?


एकादशी, मंगळवार

लिंबू: सुटलं.

डावीकडून टाकलं. "झेल गो" म्हटलं. हात पुढे गेला, व्यवस्थित गेला, पण जिथं लिंबू नव्हतं तिथं. लिंबू तिच्या खांद्याला लागून मोरीत गेलं. ही हसली. मी नाय हसले.

दार लावलं. तिच्यासमोर बसले. आधी काय नाय, काय नाय. मग बोलली.

नागोठण्याच्या दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखतं. चार दिवस झाले, एकाचे दोन दिसतात. एक डोळा मिटला की एक. सकाळी मळमळतं. मॅडमना नाय सांगितलं. बापाला तर नाहीच.

"रविवारपर्यंत, आजी. सोमवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे. आता सांगितलंस तर मला बसवतील. माझ्या जागी ती दुसरी उभी राहील, आणि मी लग्नाला."

मी म्हटलं, बघू. म्हणाली, बघू नको, शपथ घे. माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. त्याच सुजेवर. गरम होती.

"म्हण, माझ्या डोक्याची शपथ, तोंडातून कुणाला सांगणार नाय."

म्हटलं.

हात भाजल्यासारखा काढून घेतला. आता काय करू? शपथ मोडली तर जिच्या डोक्याची घेतली तिच्यावर उलटते. माझ्या आईनं सांगितलंय, तिच्या आईनं सांगितलंय. आणि नाय मोडली तर... हे वाक्य अर्धंच राहू दे. पुरं नको करू.


द्वादशी, बुधवार

ही म्हणाली, आज वही नको. मी म्हटलं, आज तर पाहिजेच. आजोबांचं शेवटचं राहिलंय. तुला हेच पाहिजे होतं ना? मग लिही.

चौथा पावसाळा. मुंबईत चिखलात मॅच, समोरच्याचा बूट आजोबांच्या कानशिलावर. बॉल सोडला नाय. तेही असंच म्हणाले घरी येऊन, अगदी हेच शब्द. तुला कुणी शिकवले होते का गो?

मग हिवाळ्यात सुट्टी घेऊन आले आणि भावाच्या मिठागरात हात द्यायला लागले. एक दिवस जेवताना म्हणतात, "ताटात दोन पापड वाढलेस, एकच खातो." एकच वाढला होता मी. हसले. मीही हसले.

मिठागरात सगळ्यांचेच डोळे दिपतात. जानेवारीचं ऊन त्या पांढऱ्या ढिगांवर पडलं की माणसाला ठिपके दिसतात, दोन-दोन दिसतात, पाणी येतं. कुणी त्याला दुखणं म्हणत नाय. सासूबाई म्हणाल्या, "मिठाची झळ हाय, उतरेल." मी गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मिठागरातून उठवलं, सावलीत बसवलं. उतरली नाय. तरी आम्ही झळच म्हणत राहिलो. आमच्याकडं डोळ्याचं काहीही झालं की ती झळच. दुसरं काय असतं ते माहीत नव्हतं.

मला एकदा वाटलं, मुकादमाला निरोप पाठवावा. हे म्हणाले, "कळलं तर गोल जाईल, गोल गेला तर साचा जाईल. तू गप बस." गप बसले.

परत जाऊन दोन मॅच खेळले. आले तेव्हा मी विचारलं, "दोन-दोन दिसतात तर बॉल कसा धरता?" म्हणाले, "दोन येतात. मी डावा धरतो."

वैशाखात अमावास्येच्या उधाणाला खांड पडली. जोळ निघाला. मी बांधावर पाण्याची कळशी घेऊन. जनू पोटात, पाचवा महिना. सकाळची वेळ, लख्ख ऊन. रांगेतून गोळा आला, ह्यांनी हात पसरले, छाती पुढं केली, मान खाली घातली. सगळं बरोबर. गोळा त्यांच्या कानाजवळून गेला आणि खाडीत पडला.

सगळी रांग थांबली. गजाननच्या हातून गोळा सुटला म्हणून.

(नाव तू लिहिलंस. मी नाय घेतलं.)

ते माझ्याकडे बघून हसले आणि खाली बसले. मग आडवे झाले. तीन दिवस घरी होते. मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. तिसऱ्या दिवशी गेले.

आता रडतेस कशाला? शाई पसरेल.

"आजी, हे मला कधीच का नाय सांगितलंस? तू तर म्हणायचीस, तापानं गेले."

कारण तू गोलात उभी राहिलीस तेव्हा सहावीत होतीस आणि अख्खं गाव म्हणालं, बांध परत आला. मला बरं वाटलं. मी पण माणूस आहे.


चतुर्दशी, शुक्रवार

काल वही नाय.

आज सकाळी उलटी. मोरीत पाणी सोडून आवाज झाकला, म्हणजे बापाची झोप मोडायला नको. मला ऐकू येतं. कान म्हातारे झाले नाहीत.

म्हटलं, चल आत्ता, पेणला डॉक्टर. आपण दोघीच. "आजी, शपथ." म्हटलं, देवाला नारळ देऊन शपथ सोडवून घेते. "नाय सोडवायची. दोन दिवस."

जनू उठला, चहा प्यायला, माझ्यासमोर बसला. म्हणाला, "आई, तुझा चेहरा का असा?" माझ्या जिभेवर आलं होतं. जीभ चावली. खरी चावली, अजून दुखते. हिचं डोकं डोळ्यांसमोर आलं, त्यावर माझा हात. वाटलं, मी बोलले आणि त्याच क्षणी आतल्या खोलीत ही पडली तर?

शेजारची यमू पापड लाटायला बोलवायला आली. पोह्याचे. गेले. लाटता लाटता तीन फाडले. यमू म्हणाली, "मावशे, तुझा हात तर असा नव्हता." म्हटलं, उधाण जवळ आलंय.

मी सांगते ते सगळं लिहितेस ना गो? की भलतंच काय लिहून ठेवतेस? मला काय कळणार. लिहीत असशील असं धरून चालते.

उलटीचं लिहिलंस? मोरीतल्या पाण्याचं? बरं.


अमावास्या, शनिवार

उधाण. यमूचा नवरा बांधावरून फिरून आला, म्हणाला, पाणी चांगलंच वर हाय, पण बांध धरून हाय.

हातमोजे धुतले, दोरीवर वाळत घातले. वाऱ्यानं हलतात. कुणीतरी जा जा करतंय असं दिसतं.

बॅग भरली. पहाटे टेम्पो येणार, सगळ्या पोरी एकत्र रोह्याला. मॅच दहाला.

आज लिंबू टाकलं नाय. टाकायची छाती नाय.

मला भीती वाटते वैजू. एवढंच लिही. मोठ्या अक्षरात लिही.

वही तांदळाच्या डब्यावर नको ठेवू. आज इथंच असू दे, माझ्याजवळ.

मलापण वाटते. ही ओळ आजीनं सांगितलेली नाही. वै.


माघ शुद्ध प्रतिपदा, रविवार

हात बदललाय. आता जनू लिहितो. अक्षर कसं आहे देव जाणे, शाळेत मार खायचा. पनवेलला हॉस्पिटलात बसून सांगते.

सकाळपासून सांगते.

टेम्पो गेला. ही पाया पडली माझ्या, वाकताना भिंत धरली. मी आशीर्वाद दिला. मग उंबऱ्यात बसून राहिले. आठ वर्षांची होते तेव्हाही मला कुणी पाटी दिली नाय, त्याचं कधी वाईट वाटलं नाय. आज वाटलं.

जनू रात्रपाळी करून आला. चहा ठेवला, चहाशेजारी वही ठेवली. म्हटलं, "वाच."

"काय हाय?"

"मला काय माहीत? मला वाचता येतं का? तू वाच."

तोंडातून एक शब्द काढला नाय. ह्यांचं नाव मी आयुष्यात घेतलं नाय, पण रेशन कार्डावर आहे, सातबाऱ्यावर आहे, त्याला कुणी नाव घेतलं म्हणत नाय. मग हेही नसंल. देवाला हिशेब कळत असंल तर कळंल.

जनू वाचत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. जन्मात एवढी भीती वाटली नव्हती. हिनं लिहिलंच नसलं तर? मी बोलत होते आणि ही मॅचचे गुण लिहून ठेवत होती, असं असलं तर? जनू पहिल्या पानाला हसला. दुसऱ्याला हसला. मग हसायचा थांबला. मग पानं भरभर उलटली. बापाच्या पानावर अडकला. जनूनं आपल्या बापाला पाहिलं नाय कधी. शेवटचं पान वाचलं आणि चहाची बशी जमिनीवर ठेवायला गेला, ती तिरकी ठेवली, चहा सांडला.

सगळं लिहिलं होतं. एक शब्द सोडला नव्हता. उलटी, मोरीतलं पाणी, डोळा, सगळं. आणि मी न सांगितलेली एक ओळ. ती जनूनं मला दोनदा वाचून दाखवली.

मॅडमना फोन लावला, लागला नाय. परत लावला. पेणहून रोह्याची गाडी मिळाली. जनू उभा, मी बसलेली. निडीला गाडी थांबली ती हलेचना. समोरची गाडी जाऊ देतात म्हणे. मी आयुष्यात पहिल्यांदा निडी स्टेशन नीट बघितलं. एक शेळी, एक नळ. शेळी पाणी पिऊन गेली तरी आम्ही तिथंच. जनू म्हणाला, "आई, देवाचं नाव घे." म्हटलं, "देवाचं घेता येतं. तेच घेतेय."

मैदानावर पोचलो तेव्हा खेळ सुरू होता. जनू मॅडमकडे धावला, लांब, पलीकडच्या कडेला. मी धावू शकत नाय. मी जवळच्या गोलाकडे गेले. गोलात ती होती. पिवळा शर्ट, सुपासारखे हात. बॉल दूर, सगळ्या पोरी दूर. ती एकटी. बापरे, काय उभी होती! तशीच. पाय तसेच.

पदराच्या गाठीत लिंबू होतं. कधी बांधलं आठवत नाय.

खांबाच्या डाव्या बाजूला गेले. "वैजू." तिनं मान वळवली. लिंबू टाकलं. "झेल गो."

हात गेला. उंच, सरळ, सुंदर गेला. लिंबू त्याच्याखालून, टप्पा पडून, रेषेच्या आत गेलं आणि जाळीला लागलं.

ती लिंबाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. म्हणाली, "आजी, दोन होती."

म्हटलं, "माहीत हाय."

"मी डावं धरलं."

मग तिनं आधी एक हातमोजा काढला, मग दुसरा, दोन्ही गोलात लिंबाशेजारी ठेवले, हात वर केला आणि खांबाला टेकून बसली. बॉल तिकडेच होता. तिच्यावर गोल झाला तो एकच, माझा.

मॅडम धावत आल्या. वहीतलं त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, मला का नाही..." आणि गाडी बघायला धावल्या. त्यांच्याच ओळखीच्या गाडीतून आधी रोह्याचा दवाखाना, तिथून इथं. वाटेत ती माझ्या मांडीवर. तीनदा विचारलं, "आजी, शपथ मोडलीस?" तीनदा सांगितलं, "नाय गो, तोंडानं एक शब्द नाय. तूच लिहिलंस सगळं."

चौथ्यांदा नाय विचारलं. झोपली.

जनू म्हणतो, पुरे, हात दुखला. मेल्या, ती दोन आठवडे लिहीत होती, एका डोळ्यानं.


माघ शुद्ध द्वितीया, सोमवार

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई लहान वयाची, वैजूपेक्षा थोडीच मोठी. तिनं मला काळ्या कागदावर दाखवलं. मला अक्षर येत नाय पण हे कळलं. एका बाजूला खाडीचं पाणी शिरलेलं दिसत होतं, बांधाच्या आत. रक्त साकळलंय म्हणाली. आहिस्ता आहिस्ता साठत गेलंय. उद्या सकाळी कवटीला छिद्र पाडून काढायचं.

मी विचारलं, "वेळेवर आलो का?"

म्हणाली, "आलात हे चांगलं केलंत." मी विचारलं होतं ते वेगळं.

जनूनं सही केली. 

वैजू मधूनमधून जागी होते. मला ओळखते. एकदा तिनं मला "मॅडम" म्हटलं आणि मला ह्यांनी बहिणीच्या नावानं मारलेली हाक आठवली. मग हसली. चेष्टा होती की काय होतं, कळलं नाय. विचारायची हिंमत झाली नाय. डोक्यावरचे केस काढलेत अर्धे. म्हणाली, "आजी, आता स्थळं यायची नाहीत." म्हटलं, "बापाला सांगते, आनंद होईल त्याला." जनू खिडकीकडे वळला.

कोण निवडली, कोण राहिली, शिंदे मॅडमनी सांगितलं नाय. आम्ही विचारलं नाय.

जनू अंघोळीला घरी जातोय, दुपारी परत येईल. त्याच्या हाती ही वही देते. यमू, हे शेवटचं तुझ्यासाठी, म्हणून नीट वाच. फोनवर सांगितलं तर तू अर्धं विसरतेस आणि अर्ध्याचं तिखट करतेस.

उद्या तिला सकाळी काय खायला द्यायचं नाय, पण शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं तर तांदळाची पेज. पातळ, चमचा उभा राहता कामा नये. मीठ आपल्या मिठागरातलं घाल, पिशवीतलं नको. जनूला भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी, डबा घट्ट लाव, वास सुटला की इथली नर्सबाई ओरडते. पोह्याचे पापड पाठवू नको, इथं भाजायचे कुठं? मला काय नको. बरं, चार खजूर पाठव.

आणि एक लिंबू. चिरू नको. अख्खं पाठव.